पिकअपला मोठे टायर आणि नवी रिम: दुकानात जाण्याआधी कोणते आकडे पाहायचे?

शोरूममधून बाहेर पडलेला नवा पिकअप बहुतेक मालकांना किंचित अर्धवट वाटतो. बॉनेट उंच, हौदा लांब, पण चाकांच्या वर मोठी पोकळी. कंपनीने टायर लहान देऊन पैसे वाचवले असावेत, असा संशय तिथूनच सुरू होतो. मग कुणाच्या तरी टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसला लावलेले जाड गोट्यांचे टायर आणि काळी रिम नजरेत भरते, आणि महिन्याभरात गाडी टायरच्या दुकानासमोर उभी राहते.

ती पोकळी मात्र काटकसरीतून आलेली नसते. पिकअपची मागची बाजू पाट्यांवर उभी असते आणि पाटे भरलेल्या हौद्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. रिकाम्या गाडीत दिसणारी जागा माल भरल्यावर कमी होते, आणि भरलेली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा चाक आणखी वर येतं. पुढच्या चाकांना तर वर-खाली होण्याबरोबर डावी-उजवीकडे वळायलाही जागा लागते. मोठा टायर याच राखीव जागेत घुसतो. म्हणून ‘बसेल का?’ हा प्रश्न सपाट फरशीवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीकडे पाहून सुटत नाही.

मोठे टायर लावूच नयेत, असं नाही. कच्च्या रस्त्यावर, दगडधोंड्यांतून, शेताच्या बांधावरून रोज जाणाऱ्या गाडीला उंच आणि मजबूत टायरचा खरा फायदा होतो. पण हा व्यवहार लाखाच्या घरात सहज जातो, आणि त्यात एक आकडा चुकला तर त्याची किंमत बेअरिंग, स्टिअरिंग, ब्रेक आणि कधी विम्याच्या दाव्यापर्यंत मोजावी लागते. त्यामुळे आधी आकडे.

टायरवरचा आकडा काय सांगतो?

भारतात विकल्या जाणाऱ्या हायलक्सच्या वरच्या श्रेणीत २६५/६० आर १८ या मापाचे टायर येतात. यातला २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्केवारीत असते. म्हणजे २६५ चे ६० टक्के, १५९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परिमाणं आल्यामुळे गोंधळ होतो, पण गणित शाळेतलंच आहे.

भिंत वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून १५९ च्या दुप्पट ३१८. रिमचे १८ इंच गुणिले २५.४ म्हणजे ४५७.२. बेरीज ७७५.२ मिलिमीटर. हा झाला पूर्ण चाकाचा व्यास.

याच गाडीच्या खालच्या श्रेणीत २६५/६५ आर १७ टायर येतात. तेच गणित केलं तर उत्तर येतं ७७६.३. रिम एक इंचाने लहान, पण चाकाची उंची जवळजवळ तीच. अनेक जण ‘सतराचा टायर’ आणि ‘अठराचा टायर’ म्हणताना अठराचा मोठा असं धरून चालतात. प्रत्यक्षात बाहेरून दोन्ही सारखेच, फरक एवढाच की सतराच्या रिमवर रबर जास्त आणि धातू कमी. खराब रस्त्यावर जास्त फिरणाऱ्या गाडीला सतराच खरं तर बरा. उंच भिंतीमुळे खड्ड्याचा धक्का टायर पचवतो, रिम वाकण्याची शक्यता कमी होते आणि चिखलात हवा थोडी कमी करून चालवायला वाव मिळतो. अठरा-वीस इंचाची चकचकीत रिम लावून वर पातळ टायर चढवणं हे पिकअपच्या कामाच्या बरोबर उलट दिशेला जाणं आहे.

मापानंतर ११० एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ११० हा भारांक: एक टायर ठरावीक हवेत जास्तीत जास्त १०६० किलो वजन पेलू शकतो, असा त्याचा अर्थ. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला मान्यता. एस असेल तर १८०, क्यू असेल तर १६०. बऱ्याच चिखलाच्या टायरवर क्यू असतो आणि भारतातल्या रस्त्यांसाठी तो पुरेसाही असतो. भारांकाकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही; त्याचा विषय पुढे येईल. माल वाहणाऱ्या पिकअपवर ‘७.०० आर १५ एलटी’ असं जुन्या पद्धतीचं मापही दिसतं. तिथे पहिला आकडा रुंदीचा, पण इंचात.

एक आकडा वाढवला की काय काय बदलतं?

समजा, मालकाने २६५/६० आर १८ काढून २८५/६५ आर १८ लावायचं ठरवलं. नव्या टायरची भिंत १८५.२५ मिलिमीटर, चाकाचा व्यास ८२७.७. वाढ ५२.५ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ ६.८ टक्के.

पहिला परिणाम सगळ्यांना हवा असलेला. गाडी जमिनीपासून वर उचलली जाते, पण ५२ नव्हे, त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २६ मिलिमीटर. कारण चाकाच्या मध्याच्या वर वाढलेला अर्धा भाग गाडीला उचलत नाही, तो फक्त मडगार्डमधली जागा खातो. एका इंचाच्या उंचीसाठी दोन इंचांची जागा द्यावी लागते, हे लक्षात घेतलं की ‘लिफ्ट किट’चा विषय टायरच्या मागोमाग का येतो, ते कळतं.

दुसरा परिणाम स्पीडोमीटरचा. गाडीला टायर बदलल्याचं ठाऊक नसतं. ती चाकाचे फेरे मोजते आणि जुन्या मापाने वेग दाखवते. चाकाच्या हिशेबाने ताशी १०० व्हायला हवेत तिथे गाडी प्रत्यक्षात १०६.८ ने पळते. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. मोठा टायर हे राखीव अंतर खाऊन टाकतो आणि कधी काटा खऱ्या वेगाच्या मागे पडतो. द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगावर वाद घालताना ही सबब कामाला येत नाही.

इथे ॲव्हरेजचीही एक गंमत आहे. मोठे टायर लावल्यावर ‘ॲव्हरेज फारच पडलं’ ही सर्रास ऐकू येणारी तक्रार. ती बरीचशी खरी असते, पण पूर्ण नाही. किलोमीटरचं मीटरही ६.८ टक्के कमी मोजत असतं. टाकी भरून काढलेलं ॲव्हरेज १२ आलं, तर गाडीने प्रत्यक्षात सुमारे १२.८ दिलेलं असतं. याच कारणाने सर्व्हिसची वेळही पुढे ढकलली जाते: मीटरवर १०,००० झाले तेव्हा इंजिन ऑइलने १०,६८० च्या आसपास किलोमीटर काढलेले असतात.

तिसरा परिणाम ताकदीचा. मोठं चाक म्हणजे लांब गिअर. एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणून तोच घाट चढताना जमिनीवर मिळणारा ओढ तितक्याच टक्क्यांनी कमी होतो. दोनशे अश्वशक्तीच्या हायलक्सला हे फारसं जाणवणार नाही. लहान इंजिनाच्या, माल भरलेल्या पिकअपला माळशेज किंवा आंबा घाटात नक्की जाणवेल. जिथे तिसऱ्यावर चढायची, तिथे दुसरा टाकावा लागेल.

चौथा परिणाम सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा: ब्रेक. ब्रेकची पकड चाकाच्या मध्याजवळ असते आणि रस्ता चाकाच्या कडेला. ते अंतर ६.८ टक्क्यांनी वाढलं की तेवढ्याच अंतरात थांबायला ब्रेकला तेवढा जास्त जोर लावावा लागतो. शिवाय दणकट टायर जड असतो. मूळ हायवे टायरच्या तुलनेत जाड भिंतीचा मोठा टायर पाच ते दहा किलोंनी जड असू शकतो, आणि हे वजन चाकाच्या बाहेरच्या कडेला असतं, जिथे ते फिरवायलाही जड आणि थांबवायलाही जड. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत फरक दिसत नाही. भरलेला हौदा घेऊन लांब उतार उतरताना तो तापलेल्या ब्रेकच्या रूपाने दिसतो.

आइसलँडमधली आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी हायलक्सला ३८ इंची आणि त्याहूनही मोठी चाकं लावते आणि त्या गाड्या बर्फावरून ध्रुवाकडे जातात. त्यांची छायाचित्रं पाहून अनेकांना हुरूप येतो. पण त्या गाड्यांमध्ये डिफरन्शियलचे गिअर बदललेले असतात, मडगार्ड कापून रुंद केलेले असतात, सस्पेन्शन नव्याने बसवलेलं असतं. तिथे टायर हा बदलांचा शेवट आहे. आपल्याकडे तो बहुधा सुरुवात असतो आणि बाकीचं राहूनच जातं.

मग किती वाढवावं? ऑस्ट्रेलियात हायलक्स हा घराघरातला पिकअप आहे आणि तिथे टायर वाढवण्याची हौसही जुनी. तिथल्या वाहन-बदलाच्या राष्ट्रीय संहितेत फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांसाठी कंपनीने सांगितलेल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा व्यासात ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ ही सर्वसाधारण मर्यादा धरली आहे. वरच्या उदाहरणातली ५२.५ ची वाढ तिच्या जराशी बाहेर जाते. याउलट २६५/६५ आर १८ लावला तर व्यास ८०१.७ होतो. वाढ २६.५ मिलिमीटर, फरक ३.४ टक्के. उंची अर्ध्या इंचाने वाढते, मूळ साडेसात इंची रिम चालते, काटछाट सहसा लागत नाही. बहुतेक मालकांचं समाधान आणि गाडीची तब्येत यांचा मेळ इथेच बसतो. त्यापुढे प्रत्येक पायरीला दुसरं काहीतरी बदलावं लागतं.

नवी रिम घेताना फसवणारे तीन आकडे

टायर रुंद केला की रिमही बदलावी लागू शकते. २८५/६५ आर १८ साठी साधारण ८ ते १० इंच रुंदीची रिम लागते. साडेसात इंची मूळ रिमवर तो चढेल, पण टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन मधला भाग फुगतो, मधूनच झिजतो आणि वळणावर डुलतो. ‘चढतो म्हणजे चालतो’ हे टायरच्या दुकानातलं सर्वांत महाग वाक्य आहे.

रिमचा पहिला आकडा पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांचं वर्तुळ. हायलक्स, फॉर्च्युनर आणि व्ही-क्रॉस यांचा पीसीडी ६ × १३९.७: सहा भोकं, १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. हा १३९.७ विचित्र वाटतो, कारण तो मुळात साडेपाच इंच आहे. पीसीडी जुळला नाही तर रिम बसतच नाही, त्यामुळे इथे चूक होण्याची शक्यता कमी. चूक होते ती पुढच्या दोन आकड्यांत, कारण ते चुकले तरी रिम बसते.

दुसरा आकडा मधल्या भोकाचा. गाडीच्या हबचा गोल उंचवटा या भोकात घट्ट बसतो आणि चाक बरोबर मध्यावर राहतं. टोयोटाच्या या वर्गातल्या गाड्यांचं हे माप सुमारे १०६ मिलिमीटर आहे. बाजारातल्या रिमचं भोक बहुधा मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. मग चाकाचं केंद्र फक्त नटांच्या भरवशावर ठरतं आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. तीन वेळा बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल, तर अनेकदा कारण हेच असतं. दोन्हींमधली फट भरणारी योग्य मापाची रिंग बसवली की काम होतं. भोक लहान असेल तर काही ठिकाणी ते घासून मोठं करून देतात. तशी रिम घेऊ नये.

तिसरा आकडा ऑफसेटचा, आणि मोठ्या टायरच्या हौसेत सर्वांत जास्त नुकसान हाच करतो. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा अधिक असेल तर चाक आत राहतं, शून्य किंवा उणे असेल तर बाहेर येतं. समजा मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट +३०. नवी रिम नऊ इंची आणि ऑफसेट शून्य. ऑफसेटमुळे चाक ३० मिलिमीटर बाहेर सरकलं. रुंदी दीड इंचाने वाढली, त्यातली अर्धी, म्हणजे १९ मिलिमीटर, बाहेरच्या अंगाला गेली. एकूण ४९ मिलिमीटर. प्रत्येक बाजूला जवळजवळ दोन इंच.

गाडी रुंद, रुबाबदार दिसते. पण रस्त्याचा प्रत्येक धक्का आता बेअरिंगपासून जास्त अंतरावर बसतो आणि लांब पान्याने जोर वाढावा तसा बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉडवरचा भार वाढतो. खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. शिवाय बाहेर आलेलं चाक वळताना मोठं वर्तुळ घेतं, म्हणून ते आतल्या सस्पेन्शनला घासत नसलं तरी बंपरच्या मागच्या कडेला आणि पायदानाच्या पुढच्या टोकाला घासू लागतं. चाक बाहेर काढलं की घासणार नाही, ही समजूत इथे खोटी ठरते. आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर पावसाळ्यात चिखल आणि खडी मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडवतो, हेही आहेच.

रिम न बदलता मधे चकती घालून चाक बाहेर काढायचा स्वस्त मार्गही सुचवला जातो. मूळ बोल्टवरच बसणारी सैल चकती लावली की नटांना धरायला आटे कमी उरतात. माल वाहणाऱ्या गाडीत हा मार्ग नकोच.

रिमचा धातू कोणता, यावर बरीच चर्चा होते. थोडक्यात: लोखंडी रिम जड आणि दिसायला साधी, पण आदळली तर वाकते आणि गावातही ठोकून सरळ होते. ओतीव अलॉय हलकी, पण जोरात आदळली तर तिला तडा जाऊ शकतो. घडीव अलॉय मजबूत आणि हलकी, पण महाग. यापेक्षा महत्त्वाचं आहे ते रिमच्या आतल्या बाजूला कोरलेलं भारमान. कारसाठी बनवलेली, सहा भोकं पाडलेली रिम पिकअपला बसते, म्हणून ती पिकअपचं वजन पेलेल असं नाही. भारतात रिमसाठी आयएस १६१९२ हे मानक आहे. जपानी बनावटीच्या रिमवर जेडब्ल्यूएल ही खूण असते आणि ट्रकसाठी असेल तर पुढे ‘टी’ लागतो. कोणतीच खूण आणि भारमान नसलेली रिम कितीही देखणी असली, तरी ती शोभेचीच वस्तू.

वजन कोण पेलणार?

मोठा टायर म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर, ही दुसरी ठाम समजूत. भारांक टायरच्या आकारावर एकट्याने ठरत नाही, त्याच्या बांधणीवर आणि हवेवर ठरतो. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, हा पहिला नियम. मूळ ११० असेल तर १०७ चा टायर घेणं म्हणजे प्रत्येक चाकामागे ८५ किलोंची क्षमता गमावणं.

जाड गोट्यांचे बरेच टायर ‘एलटी’ प्रकारचे, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे असतात. त्यांवर १२१/११८ असा जोडभारांक दिसतो. १२१ म्हणजे १४५० किलो. आकडा पाहून मालक खूश होतो. पण हे १४५० किलो त्या टायरमध्ये ८० पीएसआयच्या आसपास हवा असतानाचे आहेत. दुकानदाराने सवयीने ३५ भरली, तर क्षमता बरीच खाली येते आणि कधी मूळ टायरपेक्षाही कमी होते. भरलेल्या गाडीत कमी हवेचा टायर तापतो, आणि मे महिन्यातल्या डांबरावर तापलेला टायर फुटतो. दाराच्या खांबावर चिकटवलेला हवेचा आकडा मूळ टायरसाठी आहे. टायरची जात बदलली की तो आकडा जसाच्या तसा चालत नाही. टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यातून रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी दोन वेगळे आकडे काढून घ्यावे लागतात. उलट बाजूने, रिकाम्या पिकअपमध्ये ८० हवा मारली तर गाडी उसळते आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक सटकतं.

लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या पिकअपांकडे पाहिलं की जादा पाटे आणि दणकट टायर सर्रास दिसतात. टायरची क्षमता वाढली तरी ॲक्सल, चासी आणि ब्रेक तेच राहतात, आणि नोंदणी पुस्तकातलं एकूण वजनही तेच राहतं. मजबूत टायरचा उपयोग कायदेशीर वजन निर्धास्तपणे वाहायला व्हावा, जादा गोणी टाकायला नव्हे. ही गोष्ट मालकापेक्षा त्या गाडीवर रात्रपाळी करणाऱ्या ड्रायव्हरच्या जास्त कामाची आहे.

गोटे किती जाड हवेत?

बाजारात तीन जाती आहेत. एचटी म्हणजे रस्त्यासाठी, एटी म्हणजे दोन्हींसाठी, एमटी म्हणजे चिखलासाठी. एमटीचा रुबाब सर्वांत जास्त आणि त्याचा त्रासही. डांबरी रस्त्यावर तो घोंघावतो, लवकर झिजतो आणि ओल्या, गुळगुळीत डांबरावर त्याची पकड कमी असते, कारण मोठ्या गोट्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबरच कमी. आठवड्यातले सहा दिवस महामार्गावर आणि एक दिवस गडाच्या पायथ्याशी, अशी गाडी असेल तर एटीच्या पुढे जाण्याचं कारण नाही. अपोलो, एमआरएफ, सिएट, जेके अशा देशी कंपन्यांचे एटी टायर नेहमीच्या मापांत मिळतात. परदेशी टायरच्या आयातीवर केंद्र सरकारने जून २०२० मध्ये परवान्याची अट घातली, तेव्हापासून अनवट मापाचा टायर हवा तेव्हा मिळेलच याची खात्री राहिलेली नाही. चारातला एक प्रवासात फाटला आणि जोड मिळाली नाही, तर उरलेले तीन कुठे ठेवायचे, हा विचार माप निवडतानाच करायचा.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या रेगड मातीचा प्रश्न वेगळाच. ती ओली झाली की टायरच्या खाचांत भरून बसते आणि एमटीचाही गोळा होतो. रुंद टायर तिच्यावर तरंगेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात रुंद टायर जास्त माती उचलतो. वाळूत रुंदी कामाला येते, पण चिकट मातीत थोडा अरुंद आणि उंच टायर खालचा टणक थर शोधतो. तिथे २८५ पेक्षा २६५ किंवा २५५ शहाणपणाचा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेली वैशिष्ट्यं यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

टायर झिजल्यावर नवे घ्यावेच लागतात, तेव्हा टायर बदलणं हा गुन्हा नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या श्रेणीत कंपनीनेच दिलेलं माप लावणं ही सर्वांत निर्धोक वाट. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक, कापलेले मडगार्ड, उचललेलं सस्पेन्शन हे लांबूनच दिसतं आणि तिथेच गाडी अडवली जाते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला तर आणखी जपावं लागतं: तिच्या नोंदणीच्या अर्जात टायरची संख्या, आकार आणि प्लाय रेटिंग लिहिलेलं असतं आणि ठरावीक मुदतीने फिटनेसलाही उभं राहावं लागतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवून पोच घेतलेली बरी. अपघातानंतर सर्व्हेअरने टायरचं माप वहीत लिहून घेतलं, की तोंडी सांगितलेलं उपयोगी पडत नाही.

दुकानात उभं असताना

टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर जवळपासच्या तारखांचे मागावेत. सवलतीतला टायर बहुधा जुना असतो.

पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा लागतो. स्टेपनी जुनीच ठेवली, तर ती मागे लावून फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्यातला ताण ट्रान्स्फर केसवर येतो. मोठं चाक हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत मावतं का, हे पैसे देण्याआधी बसवून पाहायचं.

एकच पुढचं चाक आधी बसवायला सांगावं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग रिव्हर्स टाकून पुन्हा दोन्हीकडे. त्यानंतर एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून तेच परत. ब्रेकचा पाइप, मडगार्डचं अस्तर, चासीचा कोपरा यांत निदान एक बोट जावं. दुकानदार घाई करेल, करू द्यावी.

नट तपासायचे. टोयोटाच्या अनेक मूळ अलॉय रिमना चपट्या वॉशरचे नट असतात, बाजारातल्या रिमना निमुळत्या तोंडाचे. जुने नट नव्या रिमवर आवळले जातात, पण टेकतात चुकीच्या जागी. रिमबरोबर तिचेच नट घ्यायचे आणि शेवटचा आवळ हवेच्या मशिनने नव्हे, टॉर्क पान्याने द्यायला लावायचा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासून घ्यायचे, कारण नवी रिम बसताना थोडी जागा घेते.

आणि मूळ चाकं दुकानात मोडीच्या भावाने देऊन येऊ नयेत. फिटनेसला, विक्रीच्या वेळी, किंवा सहा महिन्यांनी मोठ्या टायरचा कंटाळा आला तर तीच लागतात.